आबदारांचे बूचस्क्रू

मला मोडी वाचता येते असं मी कधीच म्हणालो नव्हतो. मी फक्त मान डोलावली होती. पण समोरच्याला डोलावलेली मान दिसते, आणि आपल्याला मात्र वर्षानुवर्षं वाटत राहतं की आपण बुवा काही बोललोच नव्हतो.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी कोल्हापुरात एका शाळेत इतिहास शिकवायला लागलो होतो आणि मंगळवार पेठेत भाड्याने माडी शोधत होतो. एका घरी गेलो तर मालकांनी माडीच्या आधी मला पुढच्या सोप्यात नेलं. भिंतीवर भलीमोठी फळी, तिला निळी मखमल ठोकलेली, मखमलीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला बाटलीचं बूच काढायचा एक एक स्क्रू टांगलेला. अडतीस बूचस्क्रू. कुणाची मूठ लाकडी, कुणाची हाडाची. एकाला दोन पंख होते, बुचात फिरवला की कवायतीतल्या पोरासारखे दोन्ही हात वर करायचा. एकाच्या मुठीला छोटा ब्रश होता, बाटलीच्या गळ्यावरची धूळ झाडायला. एक तर बोटाएवढा, चांदीचा, अत्तराच्या कुपीसाठी केलेला. प्रत्येकाला लाल दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर बारीक मोडी अक्षर.

मालक सत्तरीचे. गल्लीत त्यांना सगळे आबदार म्हणत. पन्हाळ्यावर एका जहागीरदारांच्या बंगल्यात त्यांनी जन्म काढला होता. पिण्याचं पाणी, सरबतं आणि पुढे साहेबलोक यायला लागल्यावर विलायती बाटल्या, या सगळ्याची व्यवस्था बघणारा तो आबदार. बंगला विकला गेला तेव्हा वारसांनी झुंबरं नेली, गालिचे नेले, बंदुका नेल्या. एका खणात हे स्क्रू राहिले होते, ते कुणालाच नको होते. जहागीरदारांच्या बाईसाहेब म्हणाल्या, तुम्ही न्या. यांनी नेले.

"हिकडं या, मास्तर," ते म्हणाले आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "इतिहासाचे म्हंजे तुमास्नी मोडी येत असंल की."

मी चिठ्ठीवरच्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं. सुरुवातीचा श्री तेवढा ओळखीचा होता. "वा," मी म्हणालो, "काय वळण आहे." आणि मान डोलावली.

त्या मानेपायी माडी मला मिळाली. दुसरा एक बँकेतला भाडेकरू रांगेत होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. 

आबदारांनी उभ्या जन्मात थेंब तोंडात घेतला नव्हता. मी एकदा विचारलं, "आबा, मग बाटली चांगली की खराब हे तुम्हाला कळायचं कसं?"

"आवाजावरनं. खराब बूच कुरकुरतंय, सुटता सुटत न्हाय. चांगलं बूच हुंकार देतंय आणि येतंय भाईर."

सोप्याला त्यांनी 'संग्रहालय' अशी रंगवलेली पाटी लावली होती. गल्लीतली टवाळ पोरं कुणी परगावचा दिसला की त्याला इकडे धाडायची, आत सोय होते म्हणून. दारूबंदीतून राज्य नुकतं कुठे मोकळं होत होतं, परवान्याशिवाय मिळत नव्हती, त्यामुळे असा एखादा आशाळभूत आठवड्याला यायचाच. आबदार त्याला बसवायचे, अडतीसच्या अडतीस स्क्रू दाखवायचे, आणि शेवटी तो ओठ पुसत चुळबुळ करायला लागला की म्हणायचे, "पावणं, हितं नुसतं उघडायचं सामान हाय. उघडायला काय न्हाय."

खालच्या मजल्यावर त्यांचा मुलगा आणि सून राहत. मुलगा कारखान्यात पाळीवर, तो कधी दिसायचा नाही. सून मात्र दिसायची आणि ऐकू यायची. गारगोटीकडची, जिभेला धार. मला सकाळचा चहा वर तीच पाठवायची आणि जिन्याखालून ओरडायची, "मास्तर, चा निवतोय. का त्यो बी मोडीत लिवून पाठवू?"

तेव्हा मला घाम फुटायचा. आबदारांपुढे मात्र मी युक्तीने निभावून न्यायचो. ते म्हणायचे, ही वाचा बघू. मी म्हणायचो, छे, तुमच्या तोंडून ऐकण्यात जी मजा आहे ती वाचण्यात नाही. मग ते सांगायचे. आणि खरोखरच मजा असायची. दोन पातळ पात्यांचा एक होता, त्याला पीळच नव्हता. पाती बुचाच्या दोन्ही अंगांनी आत सरकवायची आणि फिरवत वर ओढायचं, बुचाला भोक पडत नाही. आबदारांच्या आधीच्या नोकराकडे तो सापडला होता. तो बाटली उघडायचा, पेलाभर काढून घ्यायचा, चहाचं पाणी घालून बूच जसंच्या तसं बसवायचा. "दोन वर्सं साहेबलोक चा पीत हुते," आबदार म्हणायचे, "आणि झुलत बी हुते."

असल्या अडतीस गोष्टी. कुणाचा, कधी आला, कुणी विसरला, हे सगळं त्यांनी नजर चांगली असताना त्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं होतं. मी राहायला गेलो त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांची नजर गेली. मोतीबिंदू. दिवसा सावल्या दिसायच्या, अक्षर नाही. पण स्क्रू हातात दिला की बोटांनी मूठ चाचपून ते अचूक सांगायचे.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आपल्यामागे हे सगळं एका कपाटात, एकत्र राहावं. एका सरकारी वस्तुसंग्रहालयाला त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं होतं, आणि अहो आश्चर्यम्, उत्तर आलं. दिवाळीनंतर एक अधिकारी पाहायला येणार होते.

"गोष्टीसकट घ्या म्हनावं त्यास्नी," आबदार मला म्हणाले. "गोष्ट सुटली की हे भंगार हाय, मास्तर. तुमी तेवढ्या चिठ्ठ्या तपासून ठेवा. एखादं अक्षर पुसलं असंल."

"तपासतो," मी म्हणालो. आठवड्याने विचारलं, तर "तपासल्या," म्हणालो.

आता दसऱ्याचं सांगतो.

खंडेनवमीला आपल्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, तालमीत जोडी आणि गदा, आमच्या शाळेत नकाशे आणि घंटा. आबदार दरवर्षी अडतिसांतला एकच स्क्रू पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचे. त्या वर्षी मुलगा त्यांना डोळे दाखवायला मिरजेला घेऊन गेला, आणि ते दसऱ्याच्या सकाळी परत येणार होते. माझ्या मनात आलं, म्हातारा चिठ्ठ्या तपासायला सांगतोय, ते तर आपल्याला येत नाही. निदान येणाऱ्या साहेबासाठी सगळे स्क्रू लखलखीत करून ठेवावेत. आबाही खूश होतील. आणि खरं सांगायचं तर, खोटं बोलल्याचं जे काय आत खुपत होतं ते चिंचेने घासून निघेल असं वाटलं असावं.

सुनेकडे चिंच आणि चुलीतली राख मागितली.

"कशाला?" ती म्हणाली.

"हत्यारं धुवायची आहेत. उद्या नवमी."

"तुमची हत्यारं व्हय ती? आणि चिठ्ठ्या भिजतील की."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण तसं दाखवलं नाही. म्हणालो, "त्या आधी सोडवून ठेवणार. पद्धतशीर."

आणि सोडवल्याही पद्धतशीर. इतिहासाचा माणूस मी, क्रमाचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. फळीच्या वरच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे, एकेक दोरा सोडून चिठ्ठ्या एकावर एक अशा रचल्या. वारा लागू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवल्या, वर झाकण. एक चिठ्ठी जरी इकडची तिकडे झाली असेल तर शपथ.

आणि स्क्रू? स्क्रू जसे सुटत गेले तसे मी बादलीत टाकत गेलो. चिंचेच्या पाण्याच्या एकाच बादलीत. अडतीसच्या अडतीस.

दुपारभर घासले. घासताना शीळ घालत होतो. सून मधेच डोकावली आणि म्हणाली, "हात बरा चालतोय मास्तरांचा. लगीन झालं की भांड्यांची नड न्हाय." सगळे पुसून उन्हात चादरीवर मांडले. सोन्यासारखे चमकत होते. मग मी मोठ्या डौलात डबा उघडला, पहिली चिठ्ठी उचलली, आणि चादरीकडे बघितलं.

किती वेळ तसा बसलो होतो सांगता येत नाही. पंधरावीस स्क्रू मला ओळखू येत होते. त्यांच्या गोष्टी मला पाठ होत्या. फक्त यांतली कोणती चिठ्ठी त्या गोष्टीची, हे काही केल्या कळत नव्हतं. क्रम लावायचा तर कोणता स्क्रू कुठल्या खिळ्यावर होता हे आठवायला हवं. दोन वर्षं रोज त्या फळीसमोरून गेलो होतो, आणि वरच्या रांगेत डावीकडे अत्तराचा होता की ब्रशाचा, हे मला आठवेना. बाकीचे तर घासून जुळ्या भावांसारखे दिसायला लागले होते.

उपाय होता. अगदी कोपऱ्यावर होता. चहाच्या हॉटेलात जमिनीच्या दप्तरातले एक निवृत्त कारकून रोज बसायचे. मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता यायची. डबा त्यांच्यापुढे नेला असता तर दोन कप चहात काम झालं असतं. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ओळखीचे पंधरावीस लागले असते, आणि बाकीचे आबांच्या हातात देऊन विचारता आले असते. पण मग इतिहासाच्या मास्तरला मोडी येत नाही हे अर्ध्या तासात पेठेत झालं असतं, आणि संध्याकाळच्या आत आबांपर्यंत. मी हॉटेलपर्यंत गेलो. मिसळ खाल्ली. परत आलो.

आणि चिठ्ठ्या अंदाजाने बांधून टाकल्या.

दसऱ्याला आबदार आले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, थांबा. ते तसेच फळीपाशी गेले, एकेक स्क्रू चाचपला, बोटं नाकाशी नेली.

"चिंच," ते म्हणाले. "कुनी केलं हे?"

"मी, आबा. चिठ्ठ्या भिजू दिल्या नाहीत."

"आमच्या बंगल्यावर सुदिक एवढं कुनी केलं नव्हतं." त्यांनी माझ्या हातात सोनं ठेवलं, आपट्याची दोन पानं, आणि मला जवळ घेतलं. मी त्यांच्या पायांना हात लावला. तिथे, त्या क्षणी सांगायचं होतं. सणाच्या दिवशी कशाला, असं मनाशी म्हटलं. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. तीन आठवडे मी रोज सकाळी उठून आज सांगू असं ठरवायचो आणि रोज त्याच फळीसमोरून शाळेत जायचो.

अधिकारी आले. मध्यम वयाचे, सभ्य गृहस्थ, बरोबर एक तरुण सहायक. आबदारांनी कोट घातला होता. सुनेने पोहे केले होते, ती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी आबांच्या खुर्चीमागे.

अधिकाऱ्यांनी दोन पात्यांचा स्क्रू उचलला आणि आबांच्या हातात दिला. "हा वेगळाच दिसतो. हा कुठला?"

आबांनी चाचपलं, हसले, आणि चोरट्या नोकराची गोष्ट सांगितली. चहाचं पाणी, झुलणारे साहेब, सगळं. अधिकारी खळखळून हसले. मग त्यांनी चिठ्ठी सहायकाकडे दिली. त्या तरुण पोराला मोडी येत होती. माझ्याहून लहान होता तो. त्याने वाचलं, "मिशनच्या दवाखान्यातून. कंपाउंडरने औषधाच्या बाटलीसाठी वापरलेला. जाताना भेट दिला."

अधिकाऱ्यांनी तो स्क्रू परत खिळ्याला टांगला.

"दुसरा बघू," अधिकारी म्हणाले.

दुसरा हाडाच्या मुठीचा. आबा म्हणाले, हा एका रेल्वेच्या साहेबाचा. चिठ्ठी म्हणाली, बाईसाहेबांच्या माहेरचा. तिसरा अत्तराचा. आबांनी सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. "काय लिवलंय त्येच्यावर?" त्यांनी विचारलं. सहायकाने हळू आवाजात वाचलं. एका फौजी कप्तानाच्या खिशातल्या चाकूचा.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "आजोबा, या चिठ्ठ्या मधे कुणी काढल्या होत्या का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "माझ्या हातच्या हाईत. आणि मास्तरांनी तपासल्यात."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तपासल्या होत्या ना?"

चौकटीतून सून माझ्याकडे बघत होती. बादली तिची होती, चिंच तिची होती. पाहुण्यांपुढे ती बोलणार नव्हती. ती वाट बघत होती.

"हो," मी म्हणालो.

अधिकारी फार सौम्यपणे बोलले, त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, वस्तू चांगल्या आहेत, पण अशा वस्तू जुन्या बाजारातही मिळतात. आम्हाला हवी असते ती हकिगत. लिहिलेलं एक आणि सांगितलेलं दुसरं असेल तर कागदोपत्री घेता येत नाही. तुम्हीच सांगा, खरं कोणतं धरू?

आबदारांनी अत्तराचा तो स्क्रू बराच वेळ बोटांत फिरवला. मग म्हणाले, "लिवलेलं खरं धरा, सायेब. तवा डोळं हुतं, डोस्कं बी हुतं. आता वय झालं. माझीच चूक असंल."

पोहे खाऊन ते लोक गेले.

दुसऱ्या दिवसापासून वर चहा येईनासा झाला. चौथ्या दिवशी मी स्वतःच खाली गेलो. सून पाणी भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी न्हाय सांगनार. मी सांगितलं तर त्यास्नी वाटंल, सून समजूत काढतीया. तुमचं तुमी सांगा."

मी काय केलं? मी मोडी शिकलो. हसू नका. त्या निवृत्त कारकुनांकडे गेलो, शाळेतल्या मुलांसाठी हवंय अशी आणखी एक थाप मारली, आणि रोज संध्याकाळी तासभर याप्रमाणे पुढच्या पावसाळ्याअखेरपर्यंत शिकलो. डोक्यात असं की आधी चूक दुरुस्त करायची, मग कबूल करायची, म्हणजे कबुली जरा शोभून दिसेल. तेवढ्या दिवसांत आबदारांनी पाटी उतरवली होती. आशाळभूत पाहुणे आले तर ते आतून सांगायचे, काय न्हाय हितं. स्क्रू हातात दिला तरी नाव घ्यायचे नाहीत. "काय की," म्हणायचे, "कुनाचा तरी असंल."

शेवटी गेलो. त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. डोलावलेली मान, डबा, बादली, मिसळ. मिसळ कशाला सांगितली कोण जाणे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्यासारखं झालं. "चिठ्ठ्या डब्यात, आणि हत्यारं बादलीत?"

"हो."

"लई हुशार."

"आबा, आता मला वाचता येतं. तुम्ही हातात घेऊन सांगा, मी जुळवतो. एका दिवसाचं काम आहे."

त्यांनी मान हलवली. "वरीसभर मी स्वतःला खोटा धरला, मास्तर. आता आठवाय गेलो की वाटतंय, हे खरंच झालं हुतं, का मी रचलं? मी सांगीन आनि तुमी जुळवाल. पर त्ये खरं कशावरनं?" मग म्हणाले, "एक करा. त्या सायबाला पत्र घाला. म्हातारा खोटा नव्हता, येवढं लिवा. ते न्हाय आले तरी चालंल."

मी तिथेच लिहायला बसलो. आणि आता जे सांगतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लिहिता लिहिता मनात आलं, ते अधिकारी शिक्षण खात्यातल्या लोकांना ओळखत असणार, आमच्या मुख्याध्यापकांनाही ओळखत असतील. तेव्हा मी लिहिलं की, सदर चिठ्ठ्यांची अदलाबदल एका परिचित गृहस्थांच्या हातून अनवधानाने झाली होती. मग आबांना पत्र वाचून दाखवलं. त्या ओळीवर आल्यावर मोठ्याने वाचलं, "माझ्या हातून झाली होती."

त्यांना अक्षर दिसत नव्हतं.

"झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "चूक पदरात घ्याला काळीज लागतं." मग त्यांनी खाली सही केली, चाचपडत, मोडीत. ती मला आता अगदी स्पष्ट वाचता येत होती.

उत्तर आलं नाही. एका कुणा परिचिताच्या मोघम चुकीवर कोण पुन्हा दौरा काढणार? पोस्टमन गल्लीत आला की आबा सोप्यातून विचारायचे, काही हाय का. हिवाळाभर विचारलं. मग ते गेले. माझी बदली झाली, आणि ती फळी माळ्यावर गेली असं मागाहून कळलं.

त्या अधिकाऱ्यांना आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असतील. हे त्यांच्या वाचण्यात आलं तर एवढंच: त्या दिवशी आबदारांच्या हातांनी जे सांगितलं ते तिन्ही वेळा बरोबर होतं. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. परिचित गृहस्थ वगैरे कुणी नव्हतं.